घर विकण्याआधी

शहापुरातलं घर विकायचं ठरलं आणि आम्ही आधी रंगारी बोलावला. चुकलंच! पहिल्याच गिऱ्हाइकानं सिटी सर्व्हेचा उतारा, ई-खाता आणि बोजा नसल्याचा दाखला मागितला. उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव!

वारसा नोंदीसाठी आईबरोबर धारवाडला दिलेल्या अक्काचीही सही हवी होती. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे.

तेव्हा आधी कागद, मग गळती, रंग शेवटी. दर सांगताना सरकारी मार्गदर्शी दर बघाच, पण गल्लीतले अलीकडचे व्यवहारही विचारा. आपल्या आठवणींचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.

सहीआधी अक्कानं एवढंच विचारलं, "आई कुठं राहणार?" आम्ही गप्प. दराआधी हे ठरवा.