मुंबईचा मध्यान्ह

1 जानेवारी 1906 रोजी हिंदुस्थान सरकारने ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असणारी वेळ सर्व मुलखासाठी मुकरर केली, तेव्हा मुंबई शहराने त्या हुकुमापुढे सहजासहजी मान तुकविली नाही. शहराची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे होती. म्हणजे नव्या वेळेचा अंमल मानल्यास प्रत्येक गृहस्थाला आपले घड्याळ 39 मिनिटे पुढे ढकलावे लागणार होते. त्याच जानेवारीत गिरणीकामगारांनी या फेरफाराविरुद्ध दंगा केला. नगरपालिकेने तर आपल्या कारभारात जुनी मुंबई वेळ इतक्या निग्रहाने सांभाळली, की इंग्रजी राज्य गेले, स्वराज्य आले, तरी ती वेळ पूर्णपणे रद्दबातल होण्यास 1955 साल उजाडावे लागले.

ही तकरार तशी जुनीच होती. आगगाड्यांचे वेळापत्रक एकसूत्री असावे म्हणून रेल्वेने मद्रासच्या वेधशाळेची वेळ आधीच पत्करली होती. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्ध्या तासाने पुढे असे. 1881 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी तीच वेळ सरकारी कचेऱ्यांवर लादून पाहिली. परंतु लोकमताचा क्षोभ पाहून तो हुकूम पुढे मागे घ्यावा लागला.

या विरोधाला निव्वळ हट्ट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. परसत्तेविषयीचा रोष त्यात होता, हे खरे. परंतु ज्या समाजाचा दिवस सूर्योदयापासून मोजला जाई, ज्याच्या लग्नमंडपात पाण्यावर तरंगणारे तांब्याचे घटिकापात्र तळच्या सूक्ष्म छिद्रातून भरत भरत 24 मिनिटांनी बुडे आणि घटिका भरल्याचा पुकारा होई, त्या समाजाला वेळ ही कचेरीच्या जाहीरनाम्याने पुढेमागे सारण्याची वस्तू आहे हे मान्य होणे कठीणच होते. शिवाय हिशेबाने पाहता मुंबईकरांचे म्हणणे बरोबर होते. प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे, ते मिर्झापूरच्या जवळून जाते. मुंबई त्याच्या पश्चिमेस पावणेदहा अंशांच्या आसपास आहे, आणि एक अंश वळण्यास पृथ्वीला 4 मिनिटे लागत असल्यामुळे मिर्झापूरचा मध्यान्ह होऊन 39 मिनिटे लोटल्याखेरीज मुंबईचा मध्यान्ह होत नाही. नागपुरास हा फरक अवघा 14 मिनिटांचा पडतो. मुंबईसाठी केलेल्या पंचांगातील सूर्योदय नागपूरकरांनी जसाच्या तसा घेऊ नये, त्याला देशांतरसंस्कार, म्हणजे रेखांशातील फरकाची दुरुस्ती, द्यावा, असे ज्योतिषी बजावतात त्याची सबब हीच.

तथापि प्रमाणवेळ स्वीकारली हे योग्यच झाले, याविषयी मला संदेह नाही. तार आणि आगगाडी यांनी जोडलेल्या देशात गावोगावची वेळ निराळी ठेवणे म्हणजे नित्याच्या घोटाळ्याला आमंत्रण होते. खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची: घड्याळ हातात आले आणि आकाशाकडे पाहण्याची सवय सुटली. बाराचे ठोके पडले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, असे सुशिक्षित माणसेही निःशंकपणे मानून चालतात.

वास्तविक मुंबईत घड्याळाचे बारा आणि सूर्याचा मध्यान्ह वर्षातील एकाही दिवशी जुळत नाहीत. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला असल्यामुळे 39 मिनिटांचे ते अंतरही स्थिर राहत नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्ह 12 वाजून 53 मिनिटांपर्यंत लांबतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी तो 12 वाजून 22 मिनिटांनीच येऊन ठेपतो. याची प्रचीती घेण्यास वेधशाळा लागत नाही. सपाट जमिनीवर ओळंब्याने एक सरळ काठी रोवावी, बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. सावली आखडत आखडत एका क्षणी थबकलेली दिसते आणि मग पूर्वेकडे झुकत पुन्हा लांबू लागते. ती सर्वांत आखूड असताना तिची दिशा बरोबर दक्षिणोत्तर असते, आणि होकायंत्रावाचून दिशा हाती लागते. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस तर मुंबईत ही सावली काठीच्या बुंध्याशीच लुप्त होते. परंतु मे महिन्यात शाळांना सुटी असते आणि जुलैत आभाळ भरलेले. फेब्रुवारीत आकाश निरभ्र असते. त्या महिन्यातील एका दुपारी भूगोलाच्या शिक्षकांनी पुस्तक मिटून मुलांना एक काठी व खडूचा तुकडा देऊन पटांगणात न्यावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.