खिशातले ग्रंथालय

'कमवा व शिका' योजनेत दोन सत्रे ग्रंथालयातल्या पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवल्या, तेव्हा कुठे माझ्यापाशी ई-वाचक घेण्याइतके पैसे साठले. कॉट आणि ट्रंक एवढाच संसार असलेल्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला, हजार पुस्तके खिशात मावतात या कल्पनेचे केवढे आकर्षण वाटावे! शिवाय आमच्या आजीला आता बारीक अक्षर दिसत नाही. या यंत्रात अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, असे ऐकले आणि निश्चय पक्का झाला.

पडदा खरोखरच नामी. त्यात सूक्ष्म कुप्या असतात, कुप्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्याने ते वरखाली सरकतात आणि अक्षर उमटते. भर उन्हातही स्वच्छ दिसते. इथवर माझी तक्रार नाही.

तक्रार पुढेच आहे. हौसेने एक जुने मराठी पुस्तक त्यात उतरवून घेतले, तर ती निघाली पानांची छायाचित्रे. सहा इंची पडद्यावर अख्खे पान मुंगीएवढ्या अक्षरांत. मोठे करावे तर ओळ उजवीकडे पळते आणि तिच्यामागे आपले बोट! दुसरे पुस्तक युनिकोडपूर्वीच्या फाँटमधले. उघडले तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला. तिसऱ्यात अक्षर मोठे झाले खरे, पण 'दुसऱ्या'तला र जागोजाग मोडून पडलेला. आजीने दोन पाने वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि म्हणाली, "अरे, हे छापणाऱ्याला मराठी येत नाही का रे?" मी काय उत्तर देणार? इंग्रजी शब्दावर बोट ठेवले की अर्थ हजर. मराठी शब्दावर ठेवले की माझे यंत्र मौनव्रत धरते.

आणखी एक. विकत घेतलेले पुस्तक आपले असते, मित्राला देता येते (तो परत करीत नाही, हा भाग वेगळा). ई-पुस्तकाचे तसे नाही. २००९ साली अमेरिकेत एका विक्रेत्याने ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या, कारण त्या विक्रीस ठेवणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले म्हणा. पण त्यातल्या एका पुस्तकाचे नाव '१९८४' असावे!

हे येथे मांडण्याचे कारण, आपल्या ग्रंथालयासाठी अशी दहा यंत्रे घेण्याचा विचार यंदा चालू आहे. माझा त्याला विरोध आहे, निदान आजपुरता. इंग्रजीच्या वर्गाला जुन्या कादंबऱ्या फुकट आणि सुबक मिळतील; मराठीच्या वर्गाने काय वाचायचे? मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक जुनी पुस्तके पानापानाने तपासून युनिकोडमध्ये आणीत आहेत. आपल्यापैकी वीस जणांनी सुटीत वीस दिवस रोज दोन पाने तपासली, तर आठशे पाने होतात. म्हणजे तीन-चार पुस्तके. आधी हे करावे, यंत्रे मग घ्यावीत.

ज्यांची तयारी असेल त्यांनी दुपारी दोननंतर ग्रंथालयाच्या खिडकीपाशी मला गाठावे. मी तिथे चिठ्ठ्या चिकटवीत असतो.