आधी नकार कुणाचा ते पाहा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून आपल्या टेबलांवर अपग्रेडच्या मशीन्सची रांग लागली. तिच्या पाठोपाठ आमच्या टपालात एकाच तक्रारीचा ढीग साचला आहे : ‘ॲडमिनने लॉगिन केले आहे, तरी फोल्डर डिलीट होत नाही. ॲक्सेस डिनाइड येते.’

तक्रार खरी आहे. आम्हाला काळजी वाटते ती पत्रांतल्या पुढच्या मजकुराची. कमांड प्रॉम्प्ट उघडला, अख्ख्या सी ड्राइव्हवर टेकओन चालवले, आयकॅकल्सने एव्हरीवनला फुल कंट्रोल दिला, फोल्डर गेला, मशीन डिलिव्हर. मग काही दिवसांनी तेच मशीन परत येते. स्टार्ट मेनू उघडत नाही, स्टोअरची ॲप्स मुकी झालेली, अपडेट अर्ध्यावर फेल. ‘विंडोज करप्ट झाली’ असे सांगून फॉरमॅट मारायचा आणि त्याचे वेगळे बिल फाडायचे. हा आजार कस्टमरने आणलेला नसतो, आपण दिलेला असतो. एका हट्टी फोल्डरपायी सगळ्या ड्राइव्हच्या परमिशन उधळून लावणे याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

नकार आला की तो कुणाचा, हे आधी पाहावे. निम्म्या केसेसमध्ये परमिशनचा संबंधच नसतो. प्रिंटरच्या अडकलेल्या जॉबचे उदाहरण सगळ्यांच्या हाताखालचे आहे. स्पूल फोल्डरमधल्या एसपीएल आणि एसएचडी फाइली जात नाहीत, कारण स्पूलर सर्व्हिसनेच त्या उघडून धरलेल्या असतात. सर्व्हिस थांबवा, फाइली पुसा, सर्व्हिस सुरू करा, संपले. तिथे ओनरशिप घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कुणी धरून ठेवले आहे ते कळत नसेल तर रिसोर्स मॉनिटरच्या सीपीयू टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’च्या चौकटीत फाइलचे नाव टाका, प्रोसेसचे नाव समोर येते. प्रोसेस एक्सप्लोरर वापरणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. पण न वापरणारे अजून निम्म्याहून जास्त असावेत, असे टपालावरून दिसते. नावाच्या शेवटी टिंब किंवा स्पेस असलेल्या, अथवा २६० अक्षरांची मर्यादा ओलांडलेल्या पाथच्या फाइलींचा प्रश्न आणखी वेगळा. एक रिकामा फोल्डर घेऊन रोबोकॉपीने त्याचा मिरर त्या लांबलचक फोल्डरवर मारला की काम होते.

आता खऱ्या परमिशनच्या केसेस. जुनी हार्डडिस्क नव्या मशीनला लावली की ओनरच्या जागी नावाऐवजी एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसतो. सातबाऱ्यावर मयताचे नाव राहावे आणि वारसनोंद झालेली नसावी, तसा हा प्रकार आहे. इथे फेरफार करायला हरकत नाही, पण तो त्याच गटापुरता. सगळ्या गावाचा नव्हे. आणि कस्टमरला नुसता डेटा काढून हवा असेल तर फेरफाराचीही गरज नाही. ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून रोबोकॉपी बॅकअप मोडमध्ये चालवा. परमिशनला हात न लावता फाइली निघतात, एनक्रिप्ट केलेल्या तेवढ्या वाचता येणार नाहीत. एक्सप्लोरर ‘कंटिन्यू’ दाबायला सांगतो, तेव्हा त्यात ‘परमनंटली’ असा शब्द असतो. तो वाचून मगच दाबा. डिस्क उद्या परत जुन्या मशीनमध्ये जाणार असेल, तर त्या बदललेल्या परमिशनही तिच्याबरोबर जाणार आहेत.

विंडोज डॉट ओल्डवर तासभर टेकओन चालवत बसणाऱ्यांचे तर आम्हाला नवल वाटते. डिस्क क्लीनअपमध्ये ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबून आधीच्या इन्स्टॉलेशनवर खूण करा. किंवा काहीच करू नका, साधारण १० दिवसांनी विंडोज तो फोल्डर आपणहून काढते. फक्त काढण्याआधी कस्टमरला विचारा, कारण जुन्या व्हर्जनवर परतायची वाटही त्याच्याबरोबर बंद होते.

मात्र सगळा दोष आपल्या लोकांच्या माथी मारून चालणार नाही. व्हिस्टापासून सिस्टिम फाइलींची मालकी ट्रस्टेड इन्स्टॉलरकडे गेली. ॲडमिनिस्ट्रेटरलाही त्या सहजासहजी पुसता येऊ नयेत हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्त आहे. पण हेतू रास्त असला तरी कारभार कसा चालतो ते पाहा. एप्रिल २०२५ च्या अपडेटनंतर सी ड्राइव्हवर ‘आयनेटपब’ नावाचा एक फोल्डर उगवला. आत काही नाही, शून्य बाइट. आयआयएस कधी चालू न केलेल्या घरगुती मशीनवरही तो आला. सुरुवातीच्या माहितीत त्याचा उल्लेख नव्हता. आपल्यातल्या नीटनेटक्या मंडळींनी कचरा समजून तो उडवला. मग कंपनीने खुलासा केला : हा फोल्डर एका सुरक्षा-त्रुटीवरच्या उपायाचा भाग आहे, आयआयएस असो वा नसो, तो पुसू नका. ज्यांनी पुसला त्यांनी विंडोज फीचर्समधून आयआयएस चालू करून तो परत आणावा. पुढे परमिशन दुरुस्त करायला एक पॉवरशेल स्क्रिप्टही आली.

म्हणजे जो ठेवायचा तो फोल्डर एका होकारात जातो आणि मेलेला विंडोज डॉट ओल्ड मात्र आपल्याशी कुस्ती खेळतो. फोल्डरमध्ये दोन ओळींची टेक्स्ट फाइल ठेवली असती तर काय बिघडले असते? ‘यू रिक्वायर परमिशन फ्रॉम ॲडमिनिस्ट्रेटर्स’ हा मेसेज ॲडमिनिस्ट्रेटरलाच दाखवणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा करणे बहुधा जास्तच होते.

तेव्हा आपली शिस्त आपणच लावून घ्यायला हवी. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी ‘टेक ओनरशिप’ची रेजिस्ट्री फाइल कस्टमरच्या मशीनमध्ये टाकणे आजपासून बंद करा. राइट क्लिकमध्ये तो पर्याय एकदा बसला की घरातले पोरही सिस्टिम-३२ वर तो दाबू शकते. परमिशन बदलायचीच वेळ आली तर आयकॅकल्सचा सेव्ह स्विच आधी वापरा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. त्यात परमिशन राहतात, ओनर राहत नाही, म्हणून मूळ ओनरचे नाव जॉबकार्डावर लिहा आणि काम झाल्यावर सेट-ओनरने त्याची मालकी त्याला परत करा. ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’वर ॲक्सेस डिनाइड आले तर तिथून उठा. तो फोल्डर नाही, जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवलेले जंक्शन आहे आणि तो नकार मुद्दाम दिलेला आहे. इन्स्टॉलर फोल्डर कितीही गिगाबाइटचा दिसला तरी हाताने रिकामा करू नका. पुढे ऑफिसचा पॅच किंवा अनइन्स्टॉल अडले की कस्टमर तुमच्याच दारात येईल.

शेवटी टपालाविषयी. यापुढे या विषयावर लिहिताना मेसेजचे पूर्ण वाक्य, फाइलचा पूर्ण पाथ, ओनरच्या रकान्यातले नाव आणि तोवर चालवलेल्या कमांड एवढे कळवा. नुसते ‘डिलीट होत नाही’ असे लिहून आलेल्या पत्रांना पुढच्या अंकापासून उत्तर दिले जाणार नाही.