चार चाकांचा भरवसा

मंडळी, आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते आहे. आमच्या भाच्यानं शेतावर एटीव्ही घ्यायचं ठरवलंय. हल्ली कोकणात समुद्रकिनाऱ्यांवर भाड्यानं मिळतात ना, फुगीर टायरांच्या, मोटारसायकलसारखं हँडल असलेल्या चारचाकी गाड्या, त्याच. "शेतात फिरायला होईल आणि मुलंही चालवतील," असा बेत. मुलं ११ आणि ८ वर्षांची! मी काळजी बोलून दाखवली तर हसून म्हणाला, "आत्या, चार चाकं आहेत. पडायची कशी?"

हा चार चाकांचा भरवसाच मला धोक्याचा वाटतो. दुचाकीवर आपण मुळात सावध असतो. ही गाडी उभी असताना भक्कम दिसते, म्हणून आईबाप निर्धास्त. पण ती उंच आणि अरुंद असते. उतारावर किंवा जोरात वळताना उलटू शकते. चालवणाऱ्याला स्वतःचं वजन इकडेतिकडे टाकून तोल सांभाळावा लागतो. मोठ्यांची गाडी दोनशे-तीनशे किलोची. आठ वर्षांचं पोर तिला काय सांभाळणार? आणि ती अंगावर आली तर? एकासाठी बनवलेल्या गाडीवर मागे दुसरा बसवला की तोल आणखी बिघडतो. टायरही मातीसाठी केलेले, डांबरी रस्त्यासाठी नव्हेत.

अमेरिकेत हा धडा फार महागात पडला. तिथे १९७० पासून अशा तीनचाकी गाड्या विकल्या जात. अपघात इतके वाढले की १९८८ मध्ये सरकार आणि कंपन्यांत समझोता होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. चारचाकी राहिल्या, पण १६ वर्षांखालच्यांनी मोठ्यांची एटीव्ही चालवू नये, अशी सूचना गाडीवरच असते. मॅसॅच्युसेट्समध्ये आठ वर्षांचा एक मुलगा अशा अपघातात गेला. पुढे २०१० मध्ये तिथे कायदा झाला आणि १४ वर्षांखालच्यांना, मोजके अपवाद सोडता, बंदीच आली.

आपल्याकडे काय? ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येणारं एखाददुसरं मॉडेल सोडलं तर बहुतेक एटीव्हींची आरटीओत नोंदणी होत नाही. म्हणजे नंबरप्लेट नाही, आणि रस्त्यावर लागणारा विमाही नाही. उद्या कुणाला धडक बसली तर भरपाई कोण देणार? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'सार्वजनिक जागा' म्हणजे नुसता रस्ता नव्हे. लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे ती कुठलीही जागा त्यात येते. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा शेतावरून दुकानापर्यंत "जरा जाऊन येतो" हे साधं प्रकरण नाही.

कुंपणाच्या आत मात्र कुणी पोलीस विचारायला येणार नाही. म्हणून तर तिथला नियम घरानंच करायला हवा. शाळेत सहलीला नेताना पाण्यात कुणी उतरायचं नाही, हे आम्ही बस सुटण्याआधीच सांगायचो. काठावर पोचल्यावर सांगून मुलं ऐकत नाहीत. गाडी दारात आल्यावरही तेच होणार.

तेव्हा भाचेराव (तू हे वाचतोस, मला ठाऊक आहे), गाडी घ्यायची तर घे. शेतीला ती उपयोगीच आहे. पण नोंदणी आणि विम्याचं दुकानदाराकडून लेखी घे. आधी स्वतः नीट शीक. हेल्मेट, पायांत बूट, मागे कुणाला बसवायचं नाही, बांधावरून आणि चढउतारावर धाडस नाही. आणि किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेव. मुलं चार दिवस रुसतील. रुसू देत.

बाकी नातेवाईक मंडळींनी मला 'घाबरट' म्हणायला हरकत नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत आपापली मुलं त्याच शेतावर पाठवणार आहात, तेव्हा एकदा विचार करा. प्रतिक्रिया जरूर कळवा.