रॉकेलने देवमासे वाचवले नाहीत

रॉकेल आलं म्हणून देवमासे वाचले, बंदीमुळे नव्हे, असं अलीकडे पुन्हा ठासून सांगितलं जातं आहे. दिव्यांना देवमाशाचं तेल लागे, १८५९ साली पेनसिल्व्हेनियात खनिज तेल लागलं, शिकारीचा धंदा बसला. बाजार आपली चूक आपणच सुधारतो, मग कायदे हवेत कशाला? या पंडितांनी इतिहासाचं पुस्तक अर्ध्यावरच मिटलेलं दिसतं. बसला तो अमेरिकेचा शिडाच्या जहाजांचा धंदा. वल्ह्यांच्या होडीतून गाठता येतील आणि मेल्यावर तरंगतील असेच देवमासे त्या खलाशांना परवडत. निळा देवमासा वेगाने निसटे आणि मेला की बुडे. १८७०च्या सुमारास नॉर्वेच्या स्वेन फॉयनने वाफेच्या बोटीवरून, अंगात शिरून फुटणारा भाला तोफेने मारायचं तंत्र बसवलं. पुढे मेलेल्या धुडात नळीने हवा भरून ते तरंगत ठेवू लागले. तारणहार म्हणून मिरवलं जाणारं खनिज इंधनच शिकाऱ्याला दक्षिण ध्रुवाच्या समुद्रापर्यंत घेऊन गेलं. आणि दिवा विझला तरी तेलाची मागणी विझली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हायड्रोजनच्या साहाय्याने तेल घट्ट करायची युक्ती सापडली (आपल्याकडचा डालडा त्याच युक्तीचा), आणि देवमाशाचं तेल युरोपात साबण आणि मार्गारीन होऊन घरोघरी पोचलं. १९२५ पासून मागच्या बाजूला उतार असलेली कारखाना-जहाजं आली; अख्खं धूड वर ओढायचं आणि भर समुद्रात चरबी सोलायची. १९३०-३१च्या एका हंगामात २९ हजारांवर निळे देवमासे मारले गेले. विसाव्या शतकात एकूण सुमारे २९ लाख देवमासे मेले, तेही रॉकेल आल्यानंतर!

दुर्मीळ झाले की शिकार परवडत नाही, हेही खोटं. निळा संपत आला की फिन जातीचा देवमासा, फिन संपला की सेई जातीचा. १ निळा बरोबर २ फिन बरोबर ६ सेई, असा शिकारीच्या कोट्याचा हिशेबच होता. कोणती जात संपते आहे हे त्या बेरजेत दिसतच नसे. हा प्राणी नावापुरता मासा. निळ्या देवमाशाची मादी दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू देते, ते दुधावर रोज सुमारे ९० किलो वाढतं. असा जीव बाजाराच्या वेगाने भरून येत नाही. देवमासे आपले मासे खातात म्हणावं, तर निळ्याचं अन्न मुख्यतः कोळंबीसारखं क्रिल.

सोव्हिएत ताफ्यांनी नियम असूनही चोरून शिकार केली, हा आक्षेप मात्र खरा आहे. १९६६ साली अरबी समुद्रात त्यांनी दोनशेवर हंपबॅक देवमासे मारले आणि लपवले. पण त्यावरून कायदा निरुपयोगी ठरत नाही, पहारा हवा एवढंच ठरतं. १९७२ पासून जहाजांवर परदेशी निरीक्षक बसले तेव्हा त्या लबाडीला आळा बसला. १९८२ साली व्यापारी शिकार थांबवायचं ठरलं. ब्राझीलजवळचे हंपबॅक १९५०च्या दशकात ४५०च्या आसपास उरले होते, आज सुमारे २५ हजार आहेत. त्या चोरट्या शिकारीचा फटका बसलेले अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र ध्रुवाकडे जातच नाहीत, बाहेरून कोणी येऊन त्यांची भर पडत नाही; ओमानच्या किनाऱ्यावर शंभराहूनही कमी उरलेत.