आधी पाटी द्या, मग पाळणा मोजा



२०२५ साली अमेरिकेने युएसएड नावाचं आपलं परदेशी मदतीचं खातं गुंडाळलं. इंग्रजी पेपरांत रडारड झाली. गरीब देशांच्या शाळांचं काय होणार, दवाखान्यांचं काय, कुटुंबनियोजनाचं काय? मी जालना जिल्ह्यातला. ज्या मदतीसाठी हे गळे काढतात ती आमच्या वस्तीत कोणतं सोंग घेऊन आली होती, त्याचा हिशेब मला आधी मांडायचाय. रडायचं की नाही ते मग ठरवू.

पहिल्यांदा ती गव्हाच्या रूपाने आली. पीएल ४८० चा गहू. १९६५-६६ मध्ये इथे पाऊस गेला आणि जॉन्सन नावाच्या त्यांच्या अध्यक्षाने जहाजं महिन्या-महिन्याच्या बोलीवर सोडली. खाटिक बकऱ्याला पाला दाखवतो तशी. याच जॉन्सनने १९६५ साली सॅनफ्रान्सिस्कोत सांगितलं की लोकसंख्या आवरायला घातलेले पाच डॉलर हे विकासाला घातलेल्या शंभर डॉलरांच्या तोडीचे असतात. सौदा नीट समजून घ्या. जन्मलेल्या पोराला जगवायला शंभर, ते जन्मूच नये म्हणून पाच. आमच्या गावच्या सावकारालाही एवढा स्वस्त धंदा सुचला नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात आमची माणसं खडी फोडत होती आणि लाल मिलो खात होती. पोरांच्या हातावर सुकडी पडत होती. भुकेल्याने खाल्लं, त्यात लाज कसली? पण ती सुकडी खाणाऱ्या पोराच्या हातात पाटी कोण देणार, हे कुणी विचारलं नाही. सुकडीची पोती मोजली गेली. पाट्या कुणी मोजल्या नाहीत.

मग आली आणीबाणी. एप्रिल १९७६ मध्ये केंद्राचं लोकसंख्या धोरण निघालं. महाराष्ट्र दोन पावलं पुढे. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण, आपल्याच मराठवाड्याचे. तीन मुलं झाली की सक्तीने नसबंदी, असं विधेयक आपल्या विधिमंडळाने १९७६ साली मंजूर केलं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच. कायदा नव्हता तरी सुरी चालूच होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंद्या. शाह आयोगापुढे १,७७४ मृत्यू नोंदले गेले. मास्तरांवर ‘केसेस’चा कोटा बसला. पोरं गोळा करून शाळेत आणायची, तो मास्तर पोरांचे बाप गोळा करून कॅम्पात न्यायला लागला. शिक्षण आणि कुटुंबनियोजन यांची सरकारने घातलेली सांगड ती ही.

आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये कोण आलं? जागतिक बँकेचा अध्यक्ष मॅकनामारा. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेचा संरक्षणमंत्री होता तोच. आला आणि सरकारच्या राजकीय इच्छाशक्तीचं कौतुक करून गेला. गरिबाच्या अंगावर चालवलेल्या सुरीला साहेबाच्या भाषेत इच्छाशक्ती म्हणतात!

त्या वर्षी कापले गेले त्यात बहुसंख्य पुरुष होते. १९७७ ला सरकार पडलं. राज्यकर्ते काय शिकले? सक्ती वाईट, हे नाही शिकले. पुरुषाला हात लावला तर खुर्ची जाते, एवढंच शिकले. तेव्हापासून सुरी बाईकडे वळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९-२१ ची फेरी बघा. देशात शंभरातल्या ३८ बायांचं ऑपरेशन झालेलं आणि पुरुष नसबंदी म्हणाल तर हजारात तीन. बाई मुकाट्याने टेबलावर जाते, त्याने सरकार पडत नाही.

माझ्या मायचं ऑपरेशन असंच एका कॅम्पात झालं. कागदावर अंगठा घेतला. कागदावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं, वाचून दाखवायला कुणाला सवड नव्हती. तिसऱ्या दिवशी ती खुरपायला गेली. तिच्या अंगठ्याची शाई अहवालात ‘यशस्वी केस’ म्हणून जमा झाली असेल. तिला सही यावी म्हणून कोणत्या देशाने, कोणत्या बँकेने कधी उद्दिष्ट ठरवलं होतं?

आता आपल्यातलेच काही भाऊ म्हणतात, हा सगळा आपली संख्या कमी करायचा डाव आहे, तेव्हा पोरं वाढवा, मतं वाढवा. माझं भांडण त्यांच्याशीही आहे. जन्म देणार कोण? तुम्ही? चळवळीची संख्या बाईच्या पोटातून वाढवायची ही अक्कल आपली नाही. ती मठाधीशांची आणि मौलवींची अक्कल आहे. ‘चार पोरं काढा’ म्हणणारे भगवे महाराज आणि आपले हे भाऊ एकाच दुकानातून वजनं आणतात.

बाबासाहेबांची भूमिका आठवा. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, सगळं सोवळं पुणं-मुंबई अंगावर आलं. १९३४ साली त्यांच्या खटल्यात वकील म्हणून कोण उभं राहिलं? बाबासाहेब. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे रोहम यांनी बाबासाहेबांच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडला. बाजूने ११, विरोधात ५२. तेव्हा जॉन्सनचे पाच डॉलर नव्हते आणि मॅकनामाराही नव्हता. आमच्या बापाने स्वतःच्या अकलेने ही मागणी केली होती, आमच्या बायांच्या जिवासाठी. तेव्हा जी व्यवस्था ‘नको, नको’ म्हणाली, तीच पुढे परदेशी पैसा दिसल्यावर कोटे घेऊन आमच्या दारात आली. १९३८ ला तो बाईचा हक्क होता, तर यांनी पाडला. १९७६ ला ती गरिबाची शिक्षा झाली, तेव्हा यांनी हात वर केले. मूल कधी, किती, हवं की नको, हे बाईने ठरवायचं. तिच्या नवऱ्याने, कलेक्टरने किंवा जागतिक बँकेने ते ठरवायचं नाही, आणि चळवळीच्या पुढाऱ्यानेही नाही.

आता जालन्याकडे या. १ मे १९८१ ला औरंगाबादमधून तोडून केलेला हा जिल्हा. बियाण्यांच्या कंपन्या इथे, पोलादाचे कारखाने इथे. २०११ च्या जनगणनेत माणसं १९ लाख ५९ हजार आणि शंभरातल्या चाळीसच्या आसपास बाया निरक्षर. राज्यात २०१९-२१ पर्यंत बाईमागे मुलांची सरासरी १.७ वर आली. म्हणजे साहेबांचं उद्दिष्ट पार झालं, ढोल वाजवा! पण त्याच पाहणीत २० ते २४ वयाच्या शंभर बायांपैकी २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. शेजारच्या परभणीत ४८, आणि आमचा जालनाही राज्याच्या सरासरीच्या बराच वर.

हे कसं काय? मुलं कमी झाली आणि लग्नाचं वय तिथंच? सरळ आहे. सोळाव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत दोन लेकरं, पंचविशीच्या आत-बाहेर ऑपरेशन. आकडा बसला. पाळणा थांबला, पण पोरगी शाळेत परत गेली नाही. केरळात १९८८ च्या सुमाराला जननदर दोनाच्या आसपास आला, कारण पोरी शाळेत होत्या. आपल्याकडे शाळेचं काम सुरीकडून करून घेतलं.

आणि तिला एवढ्या लवकर उजवतात का? अंबड-घनसावंगी-मंठ्याकडच्या कुणालाही विचारा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. पोरीला मागे ठेवावं तर वसतिगृह नाही, न्यावं तर फडावर इज्जतीची भीती. मग लग्न लावून टाका, एक कोयता वाढेल. तिच्या शरीराचं पुढे काय होतं ते बीडने दाखवलं. २०१९ साली शासनाच्या समितीपुढे आकडा आला. ८२ हजारांवर ऊसतोड बाया तपासल्या, १३ हजारांवर बायांची गर्भाशयं काढलेली. आधी नस बांधली, मग पिशवी काढली. पाटी मात्र हातात दिलीच नाही.

कायद्याचा विनोदही बघा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीचं सदस्यत्व गेलं, असा नियम झाला. राखीव जागेवर कशीबशी निवडून आलेली आमची बाई, मुलगा व्हावा म्हणून सासरने लादलेलं तिसरं बाळंतपण, आणि शिक्षा तिलाच. दुसरा विनोद शाळेचा. वर्षानुवर्षं भिंतीवर लाल त्रिकोण रंगवून सांगितलं, पोरं कमी करा. केली. तर २०२३ साली शिक्षण खातं म्हणालं, वीसपेक्षा कमी पट आहे, शाळा एकत्र करा! लांबच्या समूह शाळेत पोरगा सायकलवर जाईल. पोरगी घरी बसेल आणि मग तिचं लग्न होईल.

परदेशी पैशाने सगळं वाटोळंच केलं असं मी म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, स्कॉटलंडच्या मिशनने हात दिला, आणि जिथे गावच्या शाळेची पायरी बंद होती तिथे मांगामहारांची पोरं अक्षरं गिरवू लागली. त्याची किंमत धर्माने मोजावी लागली, हेही खरं. म्हणून बाबासाहेबांनी तिसरी वाट काढली. १९५० साली औरंगाबादला आपलं कॉलेज उभं केलं, जे पुढे मिलिंद झालं. मराठवाड्यातल्या वस्त्यांमधून पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन नागसेनवनात गेली. आपल्यातले लेखक तिथून निघाले, नामांतराचे लढवय्ये तिथून निघाले.

मदतीची भीक गेली म्हणून रडू नका. पैसा इथेच आहे. बहात्तरच्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, ती याच राज्यातल्या पगारदारांच्या व्यवसाय करावर. जोतीबांनी १८८२ साली हंटर कमिशनला बजावलं होतं की कर शेतकरी भरतो आणि शिक्षण वरचे खातात. आजही आमची माय साबण घेते तेव्हा कर भरते. तो पैसा मागायचा. मदत म्हणून नव्हे, थकबाकी म्हणून.

मागण्या साध्या आहेत. ऊसतोडीच्या प्रत्येक तालुक्यात पोरींचं वसतिगृह, दिवाळीच्या आधी उघडणारं. शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर नको, कॉलेज सुरू होताना. पट कमी म्हणून एकही शाळा बंद नाही. गर्भाशय काढणाऱ्या प्रत्येक दवाखान्याची तपासणी. गोळी, तांबी, निरोध मागेल तिला, आणि ऑपरेशनच्या कागदावर अंगठा नव्हे, वाचून केलेली सही.

ज्या दिवशी जालन्यातली पोरगी तो कागद स्वतः वाचेल आणि वाटलं तर फाडून टाकेल, त्या दिवशी कुटुंबनियोजन झालं म्हणा. तोवर पाळणे मोजू नका. पाट्या मोजा.

जयभीम.