शर्यतीच्या शिडाची पारख

पाण्यावर तरंगणाऱ्या फळीवर उभे राहून, हातातील शिडाच्या साह्याने वाऱ्याच्या जोरावर ती चालविण्याचा विंडसर्फिंग हा खेळ वयाने लहान आहे. अमेरिकेतील न्यूमन डार्बी यांनी १९६४ मध्ये अशी एक शीडफळी तयार केली. त्यानंतर जिम ड्रेक व हॉइल श्वाइट्झर यांनी, कोणत्याही दिशेस कलू शकणाऱ्या सांध्यावर डोलकाठी बसविण्याच्या रचनेसाठी १९६८ मध्ये पेटंटचा अर्ज केला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिक सामन्यांत या खेळास स्थान मिळाले. इतक्या अल्प काळात शिडाचे कापड, आकार व घडण यांत फार मोठे पालट झाले आहेत. जवळजवळ प्रत्येक हंगामात नवे शीड बाजारात येते आणि ते मागील शिडापेक्षा वेगवान असल्याचे सांगण्यात येते. हे सांगणे खरे की खोटे हे ठरविण्याची खेळाडूंची रीत मात्र पुष्कळदा कच्चीच राहिली आहे.

ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. खेळाडू नवे शीड घेऊन एखाद्या दुपारी पाण्यात उतरतो. दोनचार फेऱ्या मारतो. फळी वेगाने धावल्यासारखी वाटते आणि शीड विकत घेतले जाते. कित्येकजण तेवढीही तसदी न घेता, गतवर्षीच्या विजेत्याने जे शीड वापरले तेच घेतात. या निवडीची किंमत लहान नसते. शर्यतींच्या अनेक वर्गांत स्पर्धेपूर्वी शिडांची नोंदणी करावी लागते. उदाहरणार्थ, फॉर्म्युला विंडसर्फिंग या वर्गात एक फळी व तीन शिडे नोंदवून त्यांवरच सर्व शर्यती लढविण्याचा प्रघात पडला. अशा वेळी निवड चुकली तर ती निस्तरता येत नाही. घरच्यांनी कष्टाने उभे केलेले पैसे तर जातातच. शिवाय होतकरू खेळाडू शिडाचा दोष स्वतःच्या अंगी असल्याचे समजून आपल्या चांगल्या सवयी मोडू लागतो. ही दुसरी हानी पहिलीपेक्षा मोठी होय.

एका दुपारच्या फेरीवर विश्वास का ठेवू नये, याचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. शिडावर वाऱ्याचा जो जोर पडतो तो वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा १५ नॉटवरून १६ नॉटवर गेला, म्हणजे ताशी दोन किलोमीटरहूनही कमी वाढला, तरी जोर सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. ८ चौरस मीटरचे शीड उतरवून ९ चौरस मीटरचे चढविले तर क्षेत्रफळ साडेबारा टक्क्यांनी वाढते. याचाच अर्थ असा की, एका नॉटचा फरक हा एका चौरस मीटर कापडाहून अधिक वजनदार ठरतो. समुद्रावरील वारा काही मिनिटांतच एखाद्या नॉटने सहज चढतो वा उतरतो. आणि एकाच मापाच्या दोन चांगल्या शिडांमधील फरक याहून पुष्कळच लहान असतो. सकाळी एक शीड व दुपारी दुसरे शीड अशी परीक्षा घेणारा मनुष्य शिडांची परीक्षा घेत नाही. तो सकाळच्या व दुपारच्या वाऱ्याची तुलना करीत असतो.

दुसरी अडचण शिडाच्या रचनेतच आहे. शर्यतीचे शीड हे एकटे कधीच काम करीत नाही. त्याची पुढची कड डोलकाठीच्या वाकास अनुसरून कापलेली असते. शीड खाली ओढून ताणले की डोलकाठी वाकते, वरच्या भागातील मागची कड सैल पडते, आणि झोत आला असता ती कड उघडून जादा वारा सोडून देते. डोलकाठीचा ताठपणा मोजण्याची एक ठरीव पद्धत आहे. काठीस दोन्ही टोकांशी आधार देऊन मध्यभागी ३० किलोग्रॅम वजन टांगतात व मध्य किती खाली येतो ते पाहतात. ४६० सेंटिमीटर लांबीच्या, २५ ताठपणा-अंकाच्या काठीचा मध्य सुमारे १८ सेंटिमीटर खाली येतो. परंतु दोन काठ्यांचा अंक एकच असूनही एकीचे टोक अधिक लवचीक व दुसरीचा बुंधा अधिक लवचीक असू शकतो. एका काठीसाठी कापलेले शीड दुसऱ्या काठीवर चढवून त्यास नापसंत करणे म्हणजे एकाच्या पायाचा जोडा दुसऱ्यास घालून चांभारास नावे ठेवण्यासारखे आहे. म्हणून प्रत्येक शीड त्यास योग्य अशा काठीवर चढवावे, त्याचे ताण नीट बसवावे, त्या ताणांची मापे लिहून ठेवावी, आणि मगच परीक्षेस आरंभ करावा.

परीक्षा कशी घ्यावी, याचा धडा खेळाच्या मैदानाबाहेर फार पूर्वीच गिरविला गेला आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रॉनल्ड फिशर यांच्यापुढे असाच प्रश्न होता. जमिनीचा कस वावरागणिक बदलतो. मग एका वाणाचे पीक अधिक आले तर ते वाणामुळे की जमिनीमुळे? तुलना करावयाचे वाण शेजारशेजारच्या तुकड्यांत लावावे, कोणता वाण कोठे यावा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, आणि हीच तुलना अनेक वेळा करावी, असे त्यांचे उत्तर होते. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगरचनेवरील ग्रंथाने हा विचार जगभर नेला. भारतात वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे यांनी शेतकी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेल्या, १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथातून तो अनेक पिढ्यांच्या हाती आला. शेतकऱ्यास जशी जमीन, तसा शीडफळीच्या खेळाडूस वारा.

हाच विचार पाण्यावर आणावयाचा तर दोन खेळाडू हवेत. शक्यतो त्यांचे वजन व कौशल्य सारखे असावे आणि फळ्या एकाच घडणीच्या असाव्या. दोघांनी, एकाच्या शिडाने अडविलेला वारा दुसऱ्यास लागणार नाही इतके अंतर राखून, एकाच दिशेने काही मिनिटे धावावे. कोण किती पुढे गेला ते नोंदवावे. नंतर बाजू बदलून पुन्हा धावावे. त्यानंतर शिडांची अदलाबदल करून सर्व फेऱ्या पुन्हा कराव्या. अदलाबदलीपूर्वी व नंतर तेच शीड पुढे राहिले तर श्रेय शिडाचे. तोच खेळाडू पुढे राहिला तर श्रेय खेळाडूचे. हे एका फेरीवरून कळत नाही. हलक्या, मध्यम व जोराच्या वाऱ्यात प्रत्येकी पुष्कळ फेऱ्या झाल्या पाहिजेत, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली पाहिजे. शीड व काठी दोन्ही एकदम बदलल्यास उत्तर कोणत्या प्रश्नाचे मिळाले हे कोणासच सांगता येणार नाही.

काय मोजावयाचे हेही आधीच ठरविले पाहिजे. उपग्रहांच्या साह्याने वेग नोंदविणारी लहान यंत्रे आता सहज मिळतात, आणि त्यांमुळे सर्वोच्च वेगाचा आकडा खेळाडूंच्या डोळ्यांत भरतो. फ्रान्सच्या आंत्वान आल्बो यांनी २०१५ मध्ये नामिबियातील ल्युडेरिट्स येथे ५०० मीटर अंतरावर सरासरी ५३.२७ नॉटचा वेग गाठला, तो मुद्दाम खोदलेल्या सरळ चरात. शर्यत सरळ चरात होत नाही. तेथे वाऱ्याच्या उगमाकडे तिरपे जावे लागते, खुणेच्या पिंपाशी वळावे लागते व वळणानंतर पुन्हा वेग पकडावा लागतो. समजा, एक शीड वाऱ्याच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन करून २२ नॉटने धावते आणि दुसरे ४० अंशांत २१ नॉटनेच धावते. पहिले वेगवान दिसते. परंतु वाऱ्याच्या उगमाकडील त्याची खरी प्रगती सुमारे १५.६ नॉट, तर दुसऱ्याची सुमारे १६.१ नॉट भरते. खुणेशी आधी पोहोचते ते ‘मंद’ शीडच.

यावर अनुभवी खेळाडू असे म्हणतात की, शीड हातालाच कळते; आकड्यांना नव्हे. या म्हणण्यात तथ्य आहे. दिवसात अनेक शर्यती खेळावयाच्या असता जे शीड बाहूंस लवकर थकविते ते कागदावर वेगवान असूनही उपयोगाचे नाही. झोत आला असता शीड हातात शांत राहते की हिसका देते, हे खेळाडूनेच सांगावयाचे. तथापि हाताचा हा अभिप्राय, आकडे पाहण्यापूर्वी, प्रत्येक फेरीनंतर लगेच लिहून ठेवला तरच त्यास पुराव्याचे मोल येते. नव्या कोऱ्या शिडाविषयी मन आधीच अनुकूल झालेले असते. आणि ज्यासाठी पैसे मोजले ते वाईट आहे असे म्हणण्यास मन सहसा धजत नाही. विजेत्याचे अनुकरणही याच कारणासाठी तपासून घ्यावे. ९५ किलोग्रॅम वजनाच्या खेळाडूस जे शीड पेलते ते ७० किलोग्रॅमच्या खेळाडूस जड जाणे संभवते.

सर्वांना एकाच घडणीची सामग्री दिली की हा प्रश्नच उरत नाही, असाही एक पक्ष आहे. ऑलिंपिक सामन्यांत हेच धोरण आहे. २००८ पासून टोकियोपर्यंत आरएस:एक्स वर्गात पुरुषांस ९.५ व स्त्रियांस ८.५ चौरस मीटरचे शीड होते; २०२४ मध्ये मार्सेय येथील शर्यतींत, पाण्याखालील पंखावर उचलल्या जाणाऱ्या फळीसाठी, ही मापे ९ व ८ चौरस मीटर होती. २०२३ मध्ये चीनमध्ये झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या इबाद अली यांनी आरएस:एक्स वर्गातच कांस्यपदक मिळविले. या धोरणाने खर्चाची चढाओढ आटोक्यात राहते, ही गोष्ट निःसंशय चांगली आहे. परंतु शीड ठरलेले असले तरी ते किती ताणावे, त्याचे पोट किती खोल ठेवावे, हे ठरलेले नसते. तेथेही तुलना करावीच लागते, आणि तीही वर सांगितलेल्या रीतीनेच.

हे काम एकट्या खेळाडूस होण्यासारखे नाही. भारतात शीडफळीचे खेळाडू थोडे आहेत व ते दूरदूरच्या किनाऱ्यांवर विखुरलेले आहेत. म्हणून प्रशिक्षण शिबिरांतील काही दिवस केवळ जोडीच्या चाचण्यांसाठी राखून ठेवावे, त्यांच्या नोंदी एका ठरावीक नमुन्यात कराव्या, आणि त्या वही-कपाटात बंद न ठेवता पुढील खेळाडूंस उपलब्ध कराव्या. आपल्या नोंदी प्रतिस्पर्ध्याच्या हाती देण्यास खेळाडू कचरतील, हे स्वाभाविक आहे. परंतु ज्याच्याशी तुलना करावयाची तो शेजारी धावत असल्यावाचून कोणासही आपल्या शिडाचे खरे मोल कळत नाही. आरंभाची खूण होईपर्यंत दोघांचा स्वार्थ एकच असतो.